गेलं म्हणजे पोचलं नव्हे

दादाने गोदामातल्या वायफायच्या पेटीला आणखी दोन अँटेना लावल्या, तेव्हाच खरं तर ताईला फोन करायला हवा होता. पण सल्ला विचारायचा तर आपल्याला काही कळत नाही हे आधी कबूल करावं लागतं, आणि ते दादाला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. फोन आला तो आईचा.

"तू एकदा ये आणि बघ," आई म्हणाली. "धाकटी सून मालाच्या नोंदी करत नाही आणि केल्या म्हणून सांगते. तुझ्या त्या यंत्रात काही दिसत असेल तर दिसू दे. एकदाचा निकाल लागेल."

म्हणजे बोलावणं तपासायला नव्हतं, साक्ष द्यायला होतं. ताईने फोन ठेवला आणि स्वतःशीच हसली. मोठमोठी हॉस्पिटलं, कारखाने, कचेऱ्या तिला बोलवत. कुठली बिनतारी यंत्रं कुठे अडखळतात, कोण कुणाच्या बोलण्यात तोंड घालतं, हे ती एक छोटं यंत्र हातात धरून, भिंतीभिंतींशी थांबून शोधून काढत असे. घरात मात्र "आमची चिमी वायफाय बसवते" यापलीकडे कुणाला काही कळलं नव्हतं. पंखा बसवणारा येतो, तशी ही. चाळिशी उलटली तरी दादा तिला चिमीच म्हणायचा.

घरचा धंदा नळ, बेसिन आणि गिझरचा. गोदाम काटकोनात होतं: आधी एक हॉल होता, मग शेजारचा घेतला आणि मधली भिंत पाडली. कोपऱ्यावर काचेची केबिन, केबिनमध्ये आई, आणि आईच्या डोक्यावर ती पेटी. केबिनमधून दोन्ही हॉल दिसत. पण एका हॉलमधून दुसरा दिसत नसे, कारण दोन्हीकडे छतापर्यंत लोखंडी मांडण्या, आणि त्यांत पितळी नळ नि गिझर गच्च भरलेले. जवळच्या आखूड हॉलचा माल थोरली वहिनी बघायची, लांबलचक हॉलचा धाकटी. दोघींच्या हातात एकेक स्कॅनर. खोक्यावरच्या बारकोडच्या पट्ट्यांवर तो धरायचा, बटण दाबायचं, की नोंद हवेतून पेटीकडे जायची आणि आईच्या पडद्यावर उमटायची.

निदान तशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात धाकटीच्या नोंदी गळत होत्या. पडद्यावर बेसिनं दिसायची नाहीत आणि गोदामात असायची. कधी उलटं: पडद्यावर गिझर असायचा आणि गिऱ्हाईक दारात आल्यावर कळायचं, की तो धाकटीने कधीच बाहेर काढून दिलाय. गिऱ्हाइकासमोर आईची मान खाली जाई, आणि ती वर आली की पहिली नजर लांबच्या हॉलकडे जाई.

ताई पोचली तेव्हा दादा केबिनच्या दारातच उभा होता.

"रेंजचा प्रश्न नाही हं, आधीच सांगतो," तो म्हणाला. "पेटीची ताकद मी पार वरपर्यंत नेलीय. शिवाय ह्या दोन अँटेना. आता रस्त्यापलीकडे सिग्नल मिळतो."

"रस्त्यापलीकडे बेसिनं ठेवता का?"

"तसं नाही ग चिमे."

"दादा, बहिऱ्या माणसाच्या हातात कर्णा दिला म्हणून त्याला ऐकू येत नाही. तू पेटीचं तोंड मोठं केलंस. हरवतंय ते तिच्या कानाशी."

दादा हसला. काही कळलं नाही की तो असाच हसायचा, मोठ्या मनाने. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं त्यांच्या वडिलांचं त्याच्याबद्दल ठाम मत होतं, पण वडील गेले आणि बैल दादाच्या ताब्यात आला.

थोरली केबिनमध्येच बसली होती. तिच्या नोंदी वेळच्या वेळी पोचत असल्यामुळे तिच्या चेहऱ्यावर, देवाने आपल्याला विशेष लक्ष देऊन घडवलंय, असं कायमचं समाधान असे. "ताई, मी काही बोलत नाही," ती म्हणाली, आणि पुढे बराच वेळ बोलली. कानामागून आली आणि तिखट झाली. लक्ष नसतं हो कामात. मोबाइल बघत असेल. आम्हीही तेच यंत्र वापरतो, आमचं कसं बरोबर पोचतं?

धाकटा भाऊ, म्हणजे धाकटीचा नवरा, कोपऱ्यात उभा राहून बिलाच्या मशीनमध्ये कागद भरत होता. तो कागद भरून झाल्यावर त्याने तो काढला आणि पुन्हा भरला. बायकोबद्दल बोलणं चाललं की त्याला हमखास असं काहीतरी बारीक काम सुचायचं. ताईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्यांदा पाहायची तसदी घेतली नाही.

ती धाकटीकडे गेली. धाकटी शिडीवर होती, वरच्या फळीवरचे नळ मोजत. ताईला पाहून उतरली, हात पुसले, आणि घरातल्या कुणाला जमणार नाही इतक्या सरळपणे म्हणाली, "तुम्हालाही पटलं असेल ना, मी खोटं बोलते म्हणून?"

"मला अजून काहीच पटलेलं नाही. दाखव कसं करतेस."

धाकटीने खोकं घेतलं, स्कॅनर धरला, बटण दाबलं. टिंग झालं. छोट्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत शब्द आला: गेलं.

"हे बघा. दर वेळी येतं. 'गेलं' म्हणजे गेलं ना? मग मी दुसऱ्या खोक्याकडे वळते. संध्याकाळी आई विचारतात, नोंद कुठाय. मी म्हणते, गेलं होतं. त्या म्हणतात, मग आलं का नाही? आता यावर मी काय सांगू?"

ताई त्या शब्दाकडे बघत राहिली. मग स्कॅनर उचलून तशीच केबिनमध्ये आली.

"हे 'गेलं' कुणी लिहिलं?"

"मी लिहून घेतलं," दादा म्हणाला. "इंग्रजी कुणाला वाचत बसायला लावायचं? मराठीत हवं. आटोपशीर."

"हे येतं कधी? बटण दाबल्यावर, की पेटीने मिळालं म्हटल्यावर?"

"दाबल्यावर. पेटीची वाट बघायला लागलं की टिंग उशिरा होतं. मीच काढायला लावलं ते."

"आणि पेटीला मिळालंच नाही तर?"

"गेलं म्हणजे मिळणारच की. जाणार कुठे?"

"मागच्या पावसाळ्यात तुझी छत्री गेली," ताई म्हणाली. "ती कुणाला मिळाली?"

धाकट्या भावाला हसू आलं. त्याने ते बिलाच्या मशीनमध्ये सोडलं.

ताईने मग आपल्या पद्धतीने काम केलं. आधी थोरलीला थांबायला सांगून धाकटीकडून एकटीने भराभर नोंदी करून घेतल्या. सगळ्या पोचल्या. मग धाकटीला थांबवलं आणि थोरलीला करायला सांगितलं. सगळ्या पोचल्या. थोरलीने विजयी मुद्रेने पाहिलं, जणू हीच परीक्षा होती. मग ताईने दोघींना एकदमच कामाला लावलं आणि स्वतः पडद्यासमोर उभी राहिली. थोरलीच्या नोंदी येत राहिल्या. धाकटीच्या एकाआड एक गळू लागल्या. तिकडून टिंग, टिंग ऐकू येत होतं, प्रत्येक टिंगबरोबर धाकटीच्या पडद्यावर हिरवं 'गेलं' उमटत असणार, आणि आईच्या पडद्यावर काही नाही.

तिने सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. आता समजवायचं होतं. हे काम ती परक्यांसाठी न चिडता करत असे.

"हवा एकच आहे," तिने सुरुवात केली. "सगळ्या स्कॅनरांना त्या एकाच हवेतून बोलायचंय. एकाच वेळी दोघे बोलले तर पेटीला कुणाचंच धड कळत नाही. म्हणून ह्या यंत्रांना एक शिस्त लावलेली असते. बोलण्याआधी ऐकायचं. कुणी बोलत असेल तर गप्प राहायचं. शांतता झाली तरी लगेच तोंड उघडायचं नाही. मनातल्या मनात काही आकडे मोजायचे, कुणी किती मोजायचे ते ज्याचं त्याने चिठ्ठी काढल्यासारखं ठरवायचं, म्हणजे दोघे एकदम सुरू होत नाहीत. बोलून झालं की पेटी 'मिळालं' म्हणते. नाही म्हणाली तर समजायचं की टक्कर झाली, आणि पुढच्या वेळी आणखी जास्त थांबायचं. पुन्हा टक्कर, पुन्हा त्याहून जास्त."

"म्हणजे आपल्यापेक्षा सभ्य आहेत," धाकटा भाऊ म्हणाला. बिचाऱ्याने दिवसभरात केलेलं हे एकमेव खरं विधान.

"आहेतच. पण ऐकायला येत असेल तर. वहिनींचा स्कॅनर ऐकतो, त्याला वाटतं शांतता आहे. हिचा ऐकतो, त्यालाही वाटतं शांतता आहे. कारण मध्ये ह्या लोखंडी मांडण्या. दोघी पेटीला ऐकू जातात, पण एकमेकींना नाही. दोघींची यंत्रं प्रामाणिकपणे कान देऊन, प्रामाणिकपणे शांतता ऐकून, एकदम बोलायला लागतात."

"मग हरवायचं तर दोघींचं हरवायला पाहिजे," थोरली म्हणाली. प्रश्न चांगला होता. तो तिला सुचला याचा ताईला क्षणभर रागच आला.

"तुम्ही जवळ आहात. दोन आवाज एकदम आले की जवळचा, मोठा आवाज टिकतो आणि लांबचा बुडतो. बळी तो कान पिळी. तुमच्या नोंदी पोचतात त्या तुम्ही नीट काम करता म्हणून नाही. तुम्ही केबिनजवळ बसता म्हणून. आणि हिचं यंत्र टक्कर झाली की नियमाने जास्त जास्त थांबतं, शेवटी कंटाळून ती नोंद टाकून देतं. तेही हिला कळत नाही, कारण दादासाहेबांनी तिला आधीच हिरव्या अक्षरांत 'गेलं' म्हणून सांगितलेलं असतं."

"उपाय काय?" आईने विचारलं.

"उपाय सोपा आहे. मोठं बोलण्याआधी प्रत्येकाने छोटंसं विचारायचं: बोलू का? पेटी म्हणते: तू बोल, इतका वेळ. पेटीचं म्हणणं दोन्ही हॉलमध्ये ऐकू जातं. ज्याला बोल म्हटलं तो बोलतो, बाकीचे तेवढा वेळ गप्प. स्कॅनरांतच ती सोय आहे, फक्त चालू करायची. पासवर्ड दे, आत्ता करते."

"पासवर्ड माझ्याजवळ आहे," दादा म्हणाला. "मी करतो रविवारी. तू कशाला."

लग्न होऊन गेलेल्या बहिणीला गोदामाचा पासवर्ड देणं म्हणजे उद्या तिने वाटा मागितला तर काय, हे त्याच्या कपाळावर स्वच्छ वाचता येत होतं. ताईने त्याच्याशी हुज्जत घातली नाही. तिला उमगलं होतं, की हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी आहे. एवढं सांगून ह्या माणसांच्या डोक्यात इतकंच उतरलं होतं, की काहीतरी बटण आहे आणि ते दादाकडे आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेली मंडळी, आणि आता दोर कुणी ठेवायचा यावर विचार करत होती. तिला त्यांची मनापासून शिसारी आली. ती पुन्हा मांडण्यांबद्दल बोलू लागली: लोखंड कसं अडवतं, गिझर कसे अडवतात, धाकटीच्या बाजूला दुसरी पेटी बसवली तर कसं होईल. स्वतःचं बरोबर असणं तिला नेहमीच गोड लागायचं, आणि मूर्खांसमोर तर जास्तच.

"आई," मधेच धाकटी म्हणाली.

ती दाराशी उभी होती. आवाज मोठा नव्हता, पण ताई थांबली, म्हणून सगळे थांबले.

"मला मशीनचं काही नको. होईल ते होईल. मला तुमच्याकडून एकच हवंय. इतके दिवस तुम्ही सगळ्यांसमोर मला खोटारडी म्हणालात. गिऱ्हाइकांसमोर म्हणालात. माझ्या माहेरी फोन करून म्हणालात. आता सगळ्यांसमोर एवढंच म्हणा, की तू खोटं बोलत नव्हतीस."

आईने दादाकडे पाहिलं, कारण घरचे मोठे निर्णय दादा सांगायचा. दादाने आईकडे पाहिलं, कारण शब्द आईने वापरला होता. थोरलीने दोघांकडे पाहिलं. तिला काही म्हणायची वेळ यायच्या आत दुसरं कुणी तरी म्हणेल अशी तिची खात्री होती. नवरा मूग गिळून उभा होता. त्याचे ओठ एकदा हलले, पण तेवढ्यात आईने घसा खाकरला म्हणून तो थांबला, आणि आईने नुसताच घसा खाकरला होता. ताई हाताची घडी घालून उभी होती. बघू या, ती मनात म्हणत होती, बघू या ह्यांच्यातल्या एकाच्या तरी तोंडातून एवढं साधं वाक्य निघतंय का. निघणार नाही हे तिला माहीत होतं, आणि ते न निघताना बघण्यात तिला एक कडू समाधान मिळत होतं.

"झालं ते झालं ग," शेवटी आई म्हणाली. "यंत्राचा दोष निघाला ना? मग कशाला आता उगाळत बसायचं. जा, माल यायची वेळ झाली."

धाकटीने मान हलवली. गळ्यातून स्कॅनरचा पट्टा काढला आणि आईच्या टेबलावर ठेवला, आपटला नाही. "नोंदी जाऊबाई करतील," ती म्हणाली. "त्यांच्या पोचतात." आणि ती समोरच्या दारातून बाहेर पडली. नवऱ्याने बिलाच्या मशीनचं झाकण बंद केलं.

"येईल संध्याकाळपर्यंत," दादा म्हणाला. "चिमे, चहा घेणार?"

ताईने चहा घेतला नाही. घरी परतताना ती सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या देत होती, एकेकाला वेगळी, आणि एकही शिवी तिला पुरेशी वाटली नाही.

धाकटी संध्याकाळी गोदामात परतली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिने एका रंगाच्या दुकानात काम धरलं. घरात राहात होती, स्वयंपाक करत होती, विचारलं तेवढ्याला उत्तर देत होती. दोन्ही हॉलचा माल आता थोरली बघत होती, एका स्कॅनरवर, धापा टाकत.

बऱ्याच दिवसांनी दादाचा फोन आला. आवाजात मध होता.

"चिमे, तुला सांगायचं राहिलंच. ते तुझं बटण मी दाबलंच नाही बघ. गरजच पडली नाही! ती गेल्यापासून एक नोंद हरवलेली नाही. दोन्ही हॉलच्या सगळ्या येतात. आईसुद्धा म्हणाली, बघा, आम्ही म्हणत होतो ना. तुझ्या मांडण्या तशाच आहेत, गिझर तसेच आहेत. माणूस तेवढं बदललं."

मागून आई काहीतरी म्हणत होती आणि थोरलीही.

"अरे, पण बोलणारी एकच उरली तर टक्कर होणार कुणाशी?" ताई ओरडली. "एकटी थोरली दोन्ही हॉलमध्ये..."

"तू नको मनाला लावून घेऊ," दादा मोठ्या मनाने म्हणाला. "यंत्रातलं तुला कळतं. माणसातलं आम्हाला."

ताईने फोन कापला. इतका राग तिला अनेक वर्षांत आला नव्हता. तिचाच शोध, तिचंच कारण, आणि ह्या गाढवांनी त्याचा पुरावा करून त्या पोरीच्या गळ्यात घातला होता. आता कुणी काहीही समजावलं तरी उपयोग नव्हता. पडदा त्यांच्या बाजूने बोलत होता. निदान धाकटीला तरी सांगितलं पाहिजे, असं वाटून तिने लगेच तिला फोन लावला.

"अग, ऐक," ती म्हणाली. "ते लोक काहीही म्हणोत. तू खोटं बोलत नव्हतीस. मी सांगते ना. तू खोटं बोलत नव्हतीस."

पलीकडे रंगाचे डबे सरकवल्याचा आवाज आला. मग तो थांबला.

"हे तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं ना, ताई?"

"होतं तर! मीच तर सगळं सिद्ध करून दाखवलं."

"हो. आणि मी मागितलं तेव्हा तुम्हीही तिथेच उभ्या होतात."

ताईने दिलेलं उत्तर तिला स्वतःलाच लंगडं वाटलं. "मी वाट बघत होते. ते त्यांच्या तोंडून यायला हवं होतं."

"मला कुणाच्याही तोंडून चाललं असतं," धाकटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ठेवते, ताई. गिऱ्हाईक आलंय."